वैमानिक आणि केबिन क्रूचा एक तास विमान कंपनीला खरोखर कितीला पडतो? हिशेब पायरीपायरीने

कॅप्टनचा महिन्याचा पगार घ्यायचा, करारातल्या हमीच्या तासांनी (उडो वा न उडो, ज्यांचे पैसे मिळतातच त्या तासांनी) भागायचा आणि आलेला आकडा ‘तासाचा दर’ म्हणून नव्या मार्गाच्या प्रस्तावात टाकायचा, ही पद्धत आजही अनेक ठिकाणी चालते. या दराने मांडलेला मार्ग कागदावर नफा दाखवतो आणि वर्षअखेरीला पैसे कुठे गेले ते कुणालाच सापडत नाही. बेरजेत सहसा चूक नसते. चूक भागाकारात असते: ज्या तासांनी भागलं, ते तास विमानाला मिळालेलेच नसतात.

हा लेख क्रू प्लॅनिंग, वित्त विभाग किंवा विमान वाहतूक व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात असलेल्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून देशांतर्गत मार्गांवर उडणारं १८६ आसनांचं ए-३२० घेतलं आहे. कॉकपिटमध्ये दोघे आणि केबिनमध्ये चौघे, कारण भारतात दर ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू लागतो. पगाराचे आणि खर्चाचे सगळे आकडे हिशेब समजावा म्हणून गृहीत धरले आहेत. ते कोणत्याही कंपनीचे नाहीत. तुमच्या खातेवहीतले आकडे त्यांच्या जागी बसवा.

पायरी १ : तास कोणता, ते आधी ठरवा

एकाच फेरीत चार वेगवेगळी घड्याळं चालू असतात. विमान हवेत असतं तो वेळ. चॉक्स, म्हणजे उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले अडसर, निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा ब्लॉक टाइम. रिपोर्टिंगपासून शेवटचं विमान थांबेपर्यंतची फ्लाइट ड्युटी. आणि त्यात उड्डाणानंतरची कामं धरून होणारी पूर्ण ड्युटी.

मुंबई–दिल्ली–मुंबई ही फेरी घ्या. एका बाजूचा ब्लॉक साधारण सव्वादोन तास, म्हणजे जाऊन-येऊन साडेचार. त्यात तासभर आधीचं रिपोर्टिंग, दिल्लीतला पाऊणएक तासाचा टर्नअराउंड (उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा थांबा) आणि शेवटची कागदपत्रं धरली की ड्युटी साडेसहा-पावणेसात तासांची होते. पगार बहुधा ब्लॉकवर बेतलेला असतो, नियमांची मर्यादा ड्युटीवर आणि ब्लॉकवर अशी दोन्हीकडे असते, आणि तिकिटातून उत्पन्न मिळतं ते फक्त ब्लॉकमध्ये. म्हणून शेवटचा भाजक ब्लॉक अवरच ठेवा. मात्र वाटेतली आकडेमोड ड्युटीच्या दिवसांत करा. असं का, ते पाचव्या पायरीत दिसेल.

पायरी २ : खर्चाचे पाच ढीग करा

क्रूचा सगळा खर्च एका रकान्यात टाकू नका. कोणता खर्च कशामुळे वाढतो, यावरून त्याचे ढीग करा.

पहिला ढीग माणूस नोकरीवर आहे म्हणून होणाऱ्या खर्चाचा: मूळ पगार, ठरलेले भत्ते, हमीच्या तासांचे पैसे. उडो वा न उडो, हा द्यावाच लागतो. यालाच जोडून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा आणि वैमानिकांच्या बाबतीत वैद्यकीय कारणाने परवाना गेल्यास भरपाई देणारा विमा येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ‘वेतना’ची व्याख्या बदलली. एकूण मोबदल्यात भत्त्यांचा वाटा निम्म्याहून जास्त असेल, तर वरचा भाग आता वेतनात धरला जातो. क्रूच्या पगारात भत्त्यांचं वजन मोठं असतं, त्यामुळे ग्रॅच्युइटीची तरतूद जुन्या टक्केवारीने ओढलेली असेल तर ती आधी दुरुस्त करा.

दुसरा ढीग तासागणिक वाढणारा: हमीच्या वरचे तास, रात्रीचा भत्ता, केबिन क्रूचा उड्डाण भत्ता.

तिसरा फेरीगणिक वाढणारा: हॉटेल, लेओव्हर म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता, घरापासून विमानतळापर्यंतची पिक-अप-ड्रॉपची गाडी, क्रूचं जेवण. आंतरराष्ट्रीय मार्गांवर यातला बराच खर्च परकीय चलनात होतो, म्हणून रुपया घसरला की हा ढीग आपोआप फुगतो.

चौथा वर्षाकाठी येणारा: वैमानिकांची दर सहा महिन्यांनी होणारी सिम्युलेटरवरची तपासणी, वार्षिक उजळणी, वैद्यकीय तपासणी, केबिन क्रूचं सुरक्षा प्रशिक्षण, गणवेश.

पाचवा ढीग अनेक वर्षांवर पसरवायचा: भरती, टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता), जॉइनिंग बोनस, पहिले काही महिने प्रत्यक्ष उड्डाणांवर चालणारं लाइन ट्रेनिंग. माणूस कंपनीत सरासरी किती वर्षं टिकतो, तेवढ्या वर्षांवर तो वाटा. बऱ्याच भारतीय कंपन्यांत टाइप रेटिंगचे पैसे नवा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, स्वतः भरतो. तसं असेल तर तो खर्च कंपनीच्या नावावर लावू नका. पण लाइन ट्रेनिंगमध्ये सुरुवातीच्या उड्डाणांना सेफ्टी पायलट म्हणून तिसरा माणूस कॉकपिटमध्ये बसतो. त्याचा दिवस कंपनीच्याच खिशातून जातो आणि हिशेबात हमखास राहून जातो.

पायरी ३ : वर्षातले उडण्याचे दिवस मोजा

सगळ्या हिशेबाचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे घाई नको.

वैमानिकाला ३६५ दिवसांत जास्तीत जास्त १,००० तास उडता येतं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. म्हणून अनेकजण १,००० नेच भागतात. ती कायद्याची कमाल मर्यादा आहे. रोस्टरमध्ये, म्हणजे क्रूच्या ड्युटीच्या वेळापत्रकात, तेवढं उड्डाण बसतंच असं नाही. तुमच्या कंपनीत प्रत्यक्ष किती तास मिळतात, ते दिवस वजा करत करतच काढावं लागतं.

३६५ पासून सुरुवात करा. आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती, म्हणजे सुमारे १०४ दिवस गेले. वार्षिक रजा ३०. आजारपण आणि इतर रजा १०. सिम्युलेटर, वर्ग, वैद्यकीय, तपासण्या मिळून १२. राहिले २०९. त्यात स्टँडबायचे, म्हणजे बोलावणं येईल म्हणून तयार राहण्याचे, दिवस आहेत. वर्षाला २४ स्टँडबाय धरले आणि त्यातल्या ८ वेळा बोलावणं आलं, तर १६ दिवस माणूस तयार बसला पण उडाला नाही. केवळ प्रवासी आसनावर बसून दुसऱ्या शहरात ड्युटीला जायचं, म्हणजे डेडहेड, यात आणखी ५ दिवस. हातात उरले १८८ दिवस.

अशा दिवसाला सरासरी ४ तास ब्लॉक पडत असेल, तर वर्षाचे तास झाले ७५२. महिन्याला बासष्टच्या थोडे वर.

प्रशिक्षक-वैमानिकांचा हिशेब वेगळा करा. दुसऱ्यांच्या सिम्युलेटर सत्रांना तेच बसतात, त्यामुळे त्यांचे उडण्याचे दिवस आणखी कमी असतात आणि पगार सगळ्यांत जास्त. त्यांना सरासरीत मिसळलं की प्रशिक्षणाचा मोठा खर्च उड्डाणाच्या नावाखाली लपतो.

इथेच एक वादाचा मुद्दा आहे, आणि तो किती महाग आहे ते २०२५ साली साऱ्या देशाने पाहिलं. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांच्या ड्युटीचे नियम बदलले. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारा भाग १ जुलै २०२५ पासून लागू झाला. ‘रात्र’ मध्यरात्री १२ ते सकाळी ६ अशी धरणारा आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणणारा भाग १ नोव्हेंबर २०२५ पासून आला. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, अशीही सूचना त्यासोबत होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. त्याच दिवशी डीजीसीएने रजेबद्दलची ती सूचना मागे घेतली.

नेमकी तीच सूचना का मागे घेतली, ते आपल्या आकडेमोडीत लगेच कळतं. रजेच्या ३० दिवसांत पडणारे साप्ताहिक विश्रांतीचे आठएक दिवस रजेतच जिरवता आले, तर उडण्याचे दिवस १८८ चे १९६ होतात. नाही जिरवता आले तर १८८ च राहतात. नियमातलं एक वाक्य आणि प्रत्येक वैमानिकामागे आठ दिवसांचा फरक. विश्रांतीचे नियम वैमानिकांच्या थकव्यासाठी आहेत आणि ते असायलाच हवेत. पण त्यांची किंमत भाजकात आधीच धरून वेळेवर भरती करणं हे नियोजन करणाऱ्याचं काम आहे.

पायरी ४ : भागाकार करा

आता गृहीत आकडे.

कॅप्टन: ठरलेला पगार महिन्याला ६ लाख, ७० तासांच्या हमीसह, वर्षाचे ७२ लाख. वर्षाची सरासरी महिन्याला ७० च्या खाली असली तरी सुट्ट्यांच्या हंगामात काही महिने ७० च्या वर जातात, कारण हमी महिन्याची असते. असे जादा ३० तास, ८,००० रुपये दराने, २.४० लाख. निधी, ग्रॅच्युइटी आणि विमा ६ लाख. वार्षिक प्रशिक्षण आणि तपासण्या ५ लाख. भरती व सुरुवातीच्या प्रशिक्षणाचा वार्षिक वाटा ३ लाख. एकूण ८८.४० लाख. ७५२ ने भागा: तासाला ११,७५५ रुपये.

पगाराच्या स्लिपवरून निघणारा दर होता ६ लाख भागिले ७०, म्हणजे ८,५७१. खरा खर्च त्याहून ३७ टक्के जास्त निघाला, आणि यात अजून हॉटेलचा एक रुपयाही धरलेला नाही.

फर्स्ट ऑफिसर: पगार ३० लाख, जादा तास ०.९० लाख, निधी-विमा ३ लाख, वार्षिक प्रशिक्षण ५ लाख, सुरुवातीच्या खर्चाचा वाटा ४ लाख, एकूण ४२.९० लाख. तासाला ५,७०५ रुपये. सिम्युलेटरचं भाडं कॅप्टनला आणि त्याला सारखंच लागतं, म्हणून पगार निम्म्याहून कमी असूनही त्याचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही.

केबिन क्रू: प्रत्येकी पगार ५.४० लाख, उड्डाण भत्ता १ लाख, निधी-विमा ०.८० लाख, प्रशिक्षण-गणवेश ०.६० लाख, भरतीचा वाटा ०.७० लाख, एकूण ८.५० लाख. त्यांच्या ड्युटीचे नियम वैमानिकांपेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे त्यांचे दिवस स्वतंत्र काढायला हवेत. इथे सोपं जावं म्हणून ७५२ तासच ठेवतो. तासाला १,१३० रुपये, चौघांचे ४,५२१.

सहाजणांचा पूर्ण संच तासाला २१,९८१ रुपयांना पडला. संचाचा वर्षाचा खर्च १६५.३० लाख.

पायरी ५ : तासाचा खर्च दिवसावर न्या

बहुतेक हिशेब चौथ्या पायरीवर थांबतात. तिथे थांबलात तर प्रत्येक मार्गाला एकच दर लागेल आणि तो जवळपास प्रत्येक मार्गासाठी चुकीचा असेल. कारण कंपनीकडे मर्यादित असतात ते दिवस. माणूस त्या दिवशी अडीच तास उडला काय आणि सहा तास उडला काय, दिवस एकच खर्ची पडतो.

म्हणून १६५.३० लाखांना १८८ ने भागा. संचाचा एक उडण्याचा दिवस ८७,९२६ रुपयांना पडतो. यात फेरीचा खर्च मिळवा आणि मग त्या पेअरिंगमधल्या ब्लॉक तासांनी भागा. पेअरिंग म्हणजे बेसवरून (क्रूची नेमणूक असलेल्या शहरातून) निघून बेसवर परत येईपर्यंतची क्रूची पूर्ण साखळी. बेसवर परतणाऱ्या फेरीला गाड्या आणि जेवणाचे ९,००० धरू. बाहेर मुक्काम असेल तर सहा खोल्या, लेओव्हर भत्ता आणि दोन्हीकडच्या गाड्या मिळून ५०,०००.

– मुंबई–गोवा–मुंबई, एवढंच करून ड्युटी संपली. ब्लॉक सुमारे अडीच तास. ९६,९२६ भागिले २.५, तासाला ३८,७७० रुपये.

– मुंबई–दिल्ली–मुंबई. ब्लॉक साडेचार तास. तासाला २१,५३९ रुपये.

– एका दिवसात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, ब्लॉक ६ तास, रात्री घरी. तासाला १६,१५४ रुपये.

– दोन दिवसांची पेअरिंग, मध्ये मुक्काम, एकूण १० तास. दोन दिवसांचे १,७५,८५२ अधिक ५०,०००. तासाला २२,५८५ रुपये.

तोच कॅप्टन, तेच विमान, तोच पगार, आणि तासाचा खर्च सोळा हजारांपासून जवळजवळ एकोणचाळीस हजारांपर्यंत. म्हणून ‘आमचा क्रूचा ताशी खर्च किती’ या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून दिला, तर तो कोणत्या पेअरिंगचा, हे विचारलंच पाहिजे. लेओव्हरचं हॉटेल बंद करून पैसे वाचवू, ही सूचना बैठकांत नेहमी येते. पण मुक्काम तोडल्याने दिवसाचे ब्लॉक तास पाचावरून तीनवर येणार असतील, तर हॉटेलपेक्षा दिवस महाग पडतो.

मुंबई–दिल्ली फेरीचे ९६,९२६ रुपये दोन उड्डाणांवर वाटले की एका उड्डाणाला ४८,४६३. १८६ आसनांवर वाटले तर आसनामागे २६१ रुपये. विमान ८५ टक्के भरलं, म्हणजे १५८ प्रवासी, तर प्रवाशामागे ३०७. तिकिटाच्या किमतीशी तुलना करायला हा आकडा सगळ्यांत उपयोगी.

पायरी ६ : प्रश्नानुसार दर निवडा

या आठवड्यात एक जादा उड्डाण घालायचं आहे आणि रोस्टरमध्ये माणसं मोकळी आहेत. तिथे पूर्ण दर लावू नका. हमीच्या आतले तास शिल्लक असतील तर वाढीव खर्च फक्त गाड्या, भत्ते आणि जेवणाचा. हमी ओलांडली असेल तर त्यात जादा तासांचा दर मिळवा.

नवा मार्ग किंवा नवं विमान आणायचं असेल तर पूर्ण खर्च, पेअरिंगनिहाय. दिवसाला १२ तास उडणारं विमान वर्षाला ४,३८० तास उडतं. ७५२ ने भागलं की ५.८ संच लागतात. म्हणजे एका विमानामागे सहाच्या आसपास कॅप्टन, तेवढेच फर्स्ट ऑफिसर आणि तेवीस-चोवीस केबिन क्रू. ही माणसं विमान यायच्या दिवशी भरती करून चालत नाही. नोकरी सोडताना कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागेल, असा नियम डीजीसीएने २०१७ साली केला. त्यामुळे दुसऱ्या कंपनीतून येणारा कॅप्टनही लगेच मिळत नाही. विमान येण्याआधीच्या महिन्यांतला पगारही त्या विमानाच्या खर्चात धरा.

क्रूसकट विमान भाड्याने घ्यायचं, म्हणजे वेट लीज, हा तिसरा प्रसंग. त्यात ब्लॉक तासाला ठरलेला दर असतो आणि महिन्याला किमान तासांची हमी द्यावी लागते. त्या दराची तुलना तुमच्या स्लिपच्या ८,५७१ शी केली तर वेट लीज अव्वाच्या सव्वा वाटेल. त्या दरात विमान, देखभाल आणि विमाही असतो, म्हणून तुलना संचाचा पूर्ण खर्च अधिक स्वतःच्या विमानाचा हा खर्च यांच्या बेरजेशी करा आणि हमीचे तास तुम्ही खरोखर वापराल का, तेही पाहा.

अमेरिका-कॅनडात हे काम करणाऱ्या वाचकांनी आणखी एक गुणोत्तर ठेवावं: पगाराला पात्र धरलेले तास भागिले ब्लॉक तास. तिथल्या करारांत ड्युटी लांबली किंवा बेसपासून दूर राहण्याचा वेळ वाढला की किमान इतके तास द्यायचेच, अशी कलमं असतात, त्यामुळे हे गुणोत्तर एकच्या वर जातं. शिवाय जमिनीवरच्या कामाचे पैसे हा तिथला ताजा विषय आहे. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने २०२२ मध्ये केबिन क्रूला बोर्डिंगच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या केबिन क्रूने संप केला, त्यात हाच मुद्दा मोठा होता. दारं बंद होण्याआधी प्रवासी बसवणारा, सामान लावणारा, आजारी माणसाला सांभाळणारा क्रू काम करतच असतो. करार बदलले की तो वेळ उघडपणे हिशेबात येतो, आणि माझ्या मते तो यायलाच हवा.

पायरी ७ : ताळा करा, आणि ताण देऊन पाहा

ताळा सोपा आहे. सगळ्या पेअरिंगचा ताशी खर्च गुणिले त्यांचे तास, ही बेरीज क्रू विभागाच्या वर्षाच्या एकूण खर्चाशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर आधी स्टँडबाय तपासा, मग प्रशिक्षक-वैमानिक, मग परकीय चलनातले भत्ते. तफावत बहुतेक वेळा या तिघांपैकी एकाजवळ सापडते.

मग उडण्याचे दिवस १८८ ऐवजी १७८ करून पाहा. तास ७१२ होतात आणि संचाचा ताशी खर्च २३,२१६ रुपये, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढ. पगारात एक रुपयाची वाढ न देता. तेवढंच वेळापत्रक चालवायला माणसंही त्याच प्रमाणात जास्त लागतात.

शेवटी स्टँडबायबद्दल. खर्च कमी करायला बसलेल्याची नजर पहिल्यांदा त्या १६ दिवसांवर जाते, कारण तिथे माणूस पगार घेऊन घरी बसलेला दिसतो. ते शून्यावर आणले तर उडण्याचे दिवस २०४ होतात आणि ताशी खर्च सुमारे २०,२५७ रुपये. तासाला १,७०० रुपये वाचल्यासारखे दिसतात. पण मग धुक्याच्या सकाळी दिल्लीत अडकलेल्या क्रूची ड्युटी संपली की पुढचं उड्डाण न्यायला कुणी नसतं, आणि रद्द झालेल्या एका उड्डाणाचा परतावा, प्रवाशांची राहण्याची सोय आणि बिघडलेली पुढची साखळी त्या वाचलेल्या पैशांवर पाणी फिरवते. स्टँडबायचे दिवस कमी करायचेच असतील तर महिन्यानिहाय करा: डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या बेसवर आणि जून ते सप्टेंबर मुंबईत जास्त, उरलेल्या महिन्यांत बोलावण्याचं प्रमाण पाहून कमी. आणि रोस्टर, करार किंवा ड्युटीचा नियम, यांतलं काहीही बदललं की तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.